चढाचा मोबदला, थांब्याची सूट

एका धावेचे तीन पेस असतात. समजा, १० किलोमीटर धावून घरी परतायला ७० मिनिटे लागली. त्यातली ६ मिनिटे सिग्नल, पाण्याची बाटली आणि बुटाची नाडी यांत गेली. एकूण वेळ धरला तर पेस किलोमीटरला ७:००. थांबे वगळले तर ६:२४. वाटेत टेकडी असेल तर ॲप तिसरा आकडा देते, चढ हिशोबात धरून काढलेला, आणि तो बहुधा आणखी खाली असतो. रविवारी ग्रुपवर यातल्या कोणत्या आकड्याचा स्क्रीनशॉट पडतो, हे धावणाऱ्यांना सांगायला नको.

ॲपच्या लेखी चढ आणि थांबा एकाच जातीचे. दोघांमुळे पेस बिघडतो, म्हणून दोघांची दुरुस्ती करायची. माझे म्हणणे असे की या दोन दुरुस्त्या एकमेकींच्या उलट आहेत. चढावर शरीराने जास्तीचे काम केलेले असते. त्याचा मोबदला देणे रास्त. थांब्यावर शरीराला विश्रांती मिळालेली असते. ती हिशोबातून गाळणे म्हणजे फुकटची सूट.

*

चढ धरून काढलेल्या पेसला ग्रेड ॲडजस्टेड पेस म्हणतात, बोलताना नुसते ‘गॅप’. ॲप धावेचे छोटे छोटे तुकडे करते. प्रत्येक तुकड्याचे अंतर आणि त्यातला उंचीचा फरक घेऊन चढ काढते: १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर गेलात तर चढ ५ टक्के. प्रत्येक चढाला एक गुणक ठरलेला असतो, त्याने तुमच्या पेसला भागायचे. गुणक १.३ असेल तर घाटातला ७:३० चा पेस सपाटीवरच्या ५:४६ च्या तोलाचा ठरतो. हिशोब एवढाच. खरी गोम दोन ठिकाणी आहे: गुणक आला कुठून, आणि उंची मोजली कशी.

*

गुणकांचे मूळ एका प्रयोगात आहे. अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यती धावणाऱ्या १० जणांना ट्रेडमिलवर चढवले आणि चढ ४५ टक्के, उतारही ४५ टक्के इथपर्यंत नेला. धावताना ते किती ऑक्सिजन वापरतात ते मोजले आणि त्यावरून ऊर्जा काढली. हा निबंध २००२ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’त आला. सपाटीवर एक किलो वजन एक मीटर पुढे न्यायला ३.४० ज्यूल लागतात. ४५ टक्के चढावर १८.९३, म्हणजे साडेपाचपट. उतारावर खर्च कमी होत जातो आणि २० टक्के उताराला सर्वांत कमी होतो, १.७३ ज्यूल. त्याहून उतार तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढतो, कारण आता शरीर पुढे जाण्यासाठी नव्हे, स्वतःला आवरण्यासाठी झगडत असते.

या आकड्यांतून निघालेले पाचव्या घाताचे समीकरण पुढे कित्येक ॲप आणि हौशी प्रोग्रॅमरांच्या हाती गेले. मोजलेली माणसे दहा, तीही डोंगरात मुरलेली आणि ट्रेडमिलवर धावणारी. आज त्यांच्या ऑक्सिजनवरून कोथरूडच्या पन्नाशीतल्या बँक मॅनेजरचा पेस सुधारला जातो. यात वावगे काही नाही. फक्त आपला आकडा कोणाच्या फुप्फुसांतून आला, हे ठाऊक असावे.

*

समीकरणात ५ टक्के चढ घातला तर खर्च सपाटीच्या १.३० पट येतो. ५ टक्के उतार घातला तर ०.७६ पट. दोन्हींची सरासरी १.०३. म्हणजे तोच रस्ता वर जाऊन खाली आलात तर सपाटीपेक्षा सुमारे ३ टक्के जास्त खर्च. चढ १० टक्के केला तर गुणक १.६६ आणि ०.६०, सरासरी १.१३.

‘जाताना गेले ते येताना मिळाले’ हा घाटातल्या शर्यतींचा लाडका दिलासा या हिशोबात टिकत नाही. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचे. सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर, तरी पाय सपाटीवरचे २१ किलोमीटर धावल्याचे मान्य करत नाहीत. पायांचे बरोबर आहे.

*

उताराचा गुणक हीच गॅपची दुखरी बाजू. समीकरण म्हणते ५ टक्के उतारावर ५:४५ ने धावलात तर ते सपाटीवरच्या ७:३२ इतके सोपे. ऑक्सिजनच्या हिशोबाने असेलही. पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि स्नायू सर्वांत जास्त दुखावतात ते असल्या कामाने. उतरताना दम लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राला हे दुखणे दिसत नाही.

स्ट्राव्हा या ॲपने २०१७ साली आपले गुणक बदलले. या खेपेस आधार ट्रेडमिलचा नव्हता, वापरणाऱ्यांच्या प्रचंड संख्येतल्या हृदयगतीच्या नोंदींचा होता: एकाच हृदयगतीला लोक सपाटीवर किती वेगाने धावतात आणि उतारावर किती, याची तुलना. चढाच्या बाजूला जुने आणि नवे बरेच जुळले. उताराच्या बाजूला फायदा पुष्कळ आटला. सर्वाधिक फायदा साधारण ९-१० टक्के उताराला दिसला, २० ला नव्हे. आणि १८ टक्क्यांच्या आसपास तो संपून उतार सपाटीइतकाच जड झाला.

दोन्ही मापे आपापल्या जागी खरी आहेत. एक सांगते शरीराला किती ऊर्जा लागते. दुसरे सांगते माणसे प्रत्यक्षात किती धजावतात. खडी, वळणे, समोरून येणारी एसटी आणि घसरण्याची भीती ही सगळी दुसऱ्या मापात आपोआप मिसळलेली आहेत.

*

आता उंची. ती तीन वाटांनी कळते: उपग्रहांवरून, हवेच्या दाबावरून, नकाशावरून.

उपग्रहांवरून आडवी जागा मोकळ्या आकाशाखाली काही मीटरच्या आत सापडते, पण उभी उंची त्यापेक्षा ढोबळ. कारण साधे आहे: सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे उभ्या दिशेचा ताळा दुसऱ्या बाजूने घेता येत नाही. ३० मीटरच्या तुकड्यात उंची ३ मीटरने चुकली तर सपाट रस्ता १० टक्क्यांचा घाट होतो. म्हणून ॲप उंचीची रेषा घोटून गुळगुळीत करते. जास्त घोटली तर उड्डाणपूल नाहीसा होतो. कमी घोटली तर मरीन ड्राइव्हवर डोंगर उगवतात. धावताना मनगटावर दिसणारा त्या क्षणाचा गॅप उशिरा आणि डळमळत बदलतो, तोही याच कारणाने.

*

बऱ्या घड्याळांत दाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने घटला की घड्याळ समजते, आपण सुमारे ८ मीटर चढलो. छोट्या चढउतारांना हे माप उत्तम.

पण दाब हवामानानेही बदलतो. उष्ण कटिबंधात तर रोज, घड्याळ लावल्यासारखा: पहाटे चारच्या सुमारास कमी, सकाळी दहाला जास्त, दुपारी चारला पुन्हा कमी. हा फेर दोन-तीन हेक्टोपास्कलचा. पहाटे पाचला शिवाजी पार्कवर लाँग रन सुरू करून नऊला तिथेच संपवला, तर घड्याळाच्या मते तुम्ही पंधरा-वीस मीटर खाली उतरलेले असू शकता, आणि अधूनमधून दुरुस्ती करून घेतली नसेल तर तसेच नोंदते. युरोपातल्या घड्याळाला वादळाचा दाब छळतो. आपल्याकडे स्वच्छ आकाशही गप्प बसत नाही. शिवाय पावसाळ्यात दाबमापकाच्या बारीक छिद्रात घाम आणि पाणी जाते, मग त्या दिवशीच्या उंचीचे काही विचारू नये.

*

नकाशावरून उंची घेणे म्हणजे जागा उपग्रहाकडून घ्यायची आणि त्या जागेची उंची आधी मोजलेल्या तक्त्यातून उचलायची. जगभर वापरला जाणारा असा एक तक्ता फेब्रुवारी २००० मध्ये तयार झाला: ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवस रडारने पृथ्वी मोजली. त्यातली एकेक चौकट साधारण ३० मीटरची.

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. २००० सालच्या रडारला तिथे फक्त समुद्र दिसला. एरवी या पुलावर पायी जायला मनाई. मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी धावणारे त्यावरून जातात. असा जुना तक्ता वापरणाऱ्या ॲपच्या लेखी ते सगळे पाण्यावरून धावतात, आणि पुलाच्या चढाचा मोबदला शून्य. पेडर रोडचे तसे नाही. तो चढ जमिनीवरचा, म्हणून तक्त्यात आहे. परतीच्या वाटेवर छत्तिसाव्या किलोमीटरच्या आगेमागे त्याने वर्षानुवर्षे लोकांना चालायला लावले, ते मात्र कोणत्याच तक्त्यात नाही. सकाळी पाय ताजे असताना लागलेला चढ आणि ऊन डोक्यावर आल्यावर लागलेला तोच चढ, गॅपला दोन्ही सारखेच.

*

चढाचा हिशोब काढणारा पहिला माणूस मोबाइलवाला नव्हता. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एका दिवसाच्या भटकंतीवरून नियम मांडला: नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. त्यांचा तो दिवस १० मैलांचा आणि ६३०० फूट चढाचा होता. वेळ साडेसहा तास. गुणाकार करून पाहा, बरोबर बसतो.

या नोंदीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच. ते साडेसहा तास नेस्मिथ यांनी मधले छोटे थांबे धरून दिले आहेत. चढाला मोबदला दिला, थांब्याला सूट दिली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या ॲपपेक्षा या एका बाबतीत सरळ आहे.

उताराचे काय, हे नेस्मिथ यांच्या नियमात नव्हते. ती भर पुढे एरिक लँगमुर यांनी घातली: सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटे वजा, तीव्र असेल तर १० मिनिटे अधिक. ट्रेडमिल आणि हृदयगती यांनी नंतर जे सांगितले, त्याचा आकार इथे आहेच: उतार थोडा असेल तर मदत, फार असेल तर खर्च.

*

थांबा ओळखायचा कसा? ॲपला तुमचे पाय दिसत नाहीत, नकाशावरचा ठिपका दिसतो. ठिपक्याचा वेग एका मर्यादेखाली गेला की ते ठरवते, माणूस थांबला. स्ट्राव्हाने धावण्यासाठी ही मर्यादा मैलाला ३० मिनिटे ठेवली आहे, म्हणजे किलोमीटरला सुमारे १८:४०.

सपाटीवर हे ठीक. आता हीच मर्यादा सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीला घेऊन जा. त्या पायवाटेचा चढ सहज वीस टक्क्यांच्या घरातला. तिथे कोणी धावत नाही. दणकट माणूसही गुडघ्यांवर हात टेकून झपाझप चालतो, आणि असल्या चढावर धावण्यापेक्षा चालणेच स्वस्त पडते. किलोमीटरला वीस मिनिटे हा तिथला चांगला पेस. म्हणजे जिथे हृदय सर्वांत जोरात धडधडते, तिथेच ॲप म्हणू शकते की हा गृहस्थ उभा आहे. चढाच्या मोबदल्याचा प्रश्नच मिटतो, कारण तो वेळच हिशोबातून जातो.

याच्या उलटही घडते. सिग्नलला माणूस खांबासारखा उभा असतो आणि उंच इमारतींवर आपटून आलेल्या लहरींमुळे ठिपका रस्त्यावर फेऱ्या मारत असतो. न धावता अंतर वाढते.

*

थांब्याने नेमके काय मिळते? जोरात धावताना स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा उतरतो. उभे राहिले की तो भरू लागतो, साधारण अर्ध्या मिनिटात उतरलेल्यातला निम्मा भरून निघतो. दीड मिनिटाच्या सिग्नलला बहुतेक सगळा. शिवाय हृदयगती उतरते आणि श्वास सावरतो. हिरवा दिवा लागल्यावर जो माणूस धावू लागतो, तो लाल दिव्याला थांबलेल्या माणसापेक्षा ताजा असतो.

इंटरव्हलचा सराव याच तत्त्वावर चालतो. ५:०० च्या पेसने एकेक किलोमीटरचे पाच तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटे विश्रांती. हे करणाऱ्या कोणालाही विचारा की तू सलग पाच किलोमीटर ५:०० ने धावू शकतोस का. तो हसेल. पण शहरातल्या लाँग रनमध्ये सिग्नल, नारळपाणी आणि सेल्फी यांचे तुकडे पडतात, तेव्हा थांबे गाळून आलेला पेस हाच माणूस आपला मॅरेथॉनचा पेस म्हणून गृहीत धरतो. जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये त्याला सिग्नल मिळत नाहीत.

*

ऑटो-पॉजच्या, म्हणजे थांबताच मोजणी आपोआप थांबवणाऱ्या सोयीच्या, बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सरासरी बिघडेल या धास्तीने लोक लाल दिव्यात, भरधाव टेम्पोच्या पुढून रस्ता ओलांडतात. थांब्याचा दंड नाही हे ठाऊक असलेला माणूस निवांत थांबतो. पेसपेक्षा जीव मोठा. त्यासाठी ऑटो-पॉज जरूर ठेवा. फक्त घरी आल्यावर एकूण वेळही बघा.

*

शर्यतीला थांबे माहीत नाहीत. पायात चिप बांधून प्रत्येकाचा वेळ त्याने सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून मोजायची सोय १९९६ साली बोस्टनच्या शंभराव्या मॅरेथॉनमध्ये वापरली गेली आणि मागच्या गर्दीत उभे राहणाऱ्यांवरचा अन्याय संपला. पण ती चिपही रेघेपासून रेघेपर्यंत अखंड मोजते. पाण्याचा टेबल, शौचालय, पायात आलेला गोळा, सगळे त्यात येते. स्ट्राव्हादेखील धावेवर शर्यत अशी खूण केली की पेस एकूण वेळावरून काढते. म्हणजे खरा आकडा कोणता, हे ॲपला पक्के ठाऊक आहे.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत १९२१ पासूनची. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग यांच्यामधली, सुमारे ९० किलोमीटरची. एका वर्षी चढाची, एका वर्षी उताराची, असा क्रम बहुधा असतो. महाराष्ट्रातूनही बरेच धावपटू तिथे जातात आणि घाटांत तयारी करतात. वेळेची मर्यादा १२ तास, मोजणी सुरुवातीच्या बंदुकीपासून. बारा तास भरले की शेवटची बंदूक झाडली जाते, आणि झाडणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. अंतिम रेघेपासून दहा पावलांवर कोणी असला तरी त्याला दिसू नये म्हणून. तिथे पाच मोठे चढ आहेत, पण चढांचा मोबदला कोणी मागत नाही आणि थांब्यांची सूट कोणी देत नाही.

*

शर्यतींच्या जगात चढ-उताराचा निवाडा बराच काळ गुणकाने नव्हे, होकार-नकाराने होत आला. विक्रमासाठी मार्गाची निव्वळ उतरण किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. बोस्टनचा मार्ग सुमारे १४० मीटर उतरतो आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. २०११ साली केनियाचे जेफ्री मुताई तिथे २:०३:०२ मध्ये धावले. तेव्हाचा विश्वविक्रम २:०३:५९ होता. मुताईंची वेळ विक्रम ठरली नाही. पाठीवर वारा होता हेही खरे, आणि वाटेत हार्टब्रेक हिल नावाचा चढ आहे हेही खरे. नियमाने कसलाच गुणक लावला नाही.

त्याच बोस्टनने आता गुणकासारखे काहीतरी आणले आहे. पात्रतेची वेळ काढण्यासाठी लोक डोंगरावरून खाली धावणाऱ्या शर्यती शोधू लागले, तेव्हा आयोजकांनी २०२७ च्या शर्यतीपासून नवा नियम जाहीर केला: मार्ग १५०० फुटांहून अधिक उतरत असेल तर तुमच्या वेळेत ५ मिनिटे मिळवायची, ३००० हून अधिक असेल तर १० मिनिटे, आणि ६००० च्या पुढे वेळ ग्राह्यच नाही. बोस्टनची स्वतःची उतरण यातल्या पहिल्या पायरीच्याही बरीच खाली आहे, ही गंमत वेगळी.

*

काही प्रणाली आणखी पुढे जातात. ट्रेनिंगपीक्सचा नॉर्मलाइज्ड ग्रेडेड पेस चढासोबत वेगातली ओढाताणही धरतो, कारण एकसारखे धावण्यापेक्षा हिसके देत धावणे महाग पडते. काही घड्याळे वॅटमध्ये शक्ती दाखवतात. सायकलच्या पेडलवर शक्ती खरोखर मोजता येते. धावण्यातली शक्ती हा हालचालींवरून केलेला अंदाज आहे. मेची उष्णता, किनाऱ्यावरचा दमटपणा, चिखल, रात्रीची अपुरी झोप यांचा गुणक गॅपमध्ये नाही.

*

मग करायचे काय? चढाच्या सरावात गॅप जरूर बघा, पण एकाच टेकडीवर आणि स्वतःशीच तुलना करून. गेल्या महिन्यात वेताळ टेकडीवर जो गॅप होता तो या महिन्यात सुधारला, तर तुम्ही सुधारलात. दुसऱ्याच्या टेकडीशी, दुसऱ्याच्या घड्याळाशी लावलेली पैज निरर्थक. उताराच्या गॅपवरून शर्यतीचे गणित मांडू नका. उतार किती महाग पडला ते मांड्यांना दोन दिवसांनी विचारा. लाँग रनचा पेस एकूण वेळावरून काढा आणि तोच वहीत लिहा. शर्यतीचे लक्ष्य ठरवायचे असेल तर थोडी धाव अशा ठिकाणी करा जिथे थांबावेच लागत नाही: मैदान, धरणाचा रस्ता, बंद आवार; पहाटेचा रिकामा हायवे नव्हे.

आणि ग्रुपवर टाकायचाच असेल तर तीन आकड्यांतला सर्वांत मोठा टाका. चढाची कमाई गॅपमध्ये असते; तुम्ही किती वेळात घरी पोहोचलात, ते फक्त एकूण वेळ सांगतो.